हौसाक्काची म्हैस

“...मग ही आली कुठून, बाई?”

रत्नाकर शेटेनं चौकट टेबलावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच. काच फुटली नाही, हे त्या काचेचं नशीब.

बाईंनी मान वर केली नाही. त्या पटाशीला धार लावत होत्या. दगडावर पाण्याचा थेंब, पटाशी पुढं, पटाशी मागं...

“बस,” त्या म्हणाल्या.

“बसायला आलो नाही.”

“मग उभा राहा. चहा उभ्यानंही पिता येतो.”

चहा आला. रत्नाकरनं एक घोट घेतला आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. साखर जास्त होती. बाई स्वतः बिनसाखरेचा पिणाऱ्या, दुसऱ्याच्या कपातही चिमटीनंच घालणाऱ्या. आजच हात कसा सुटला?

संशयाचं हे असं असतं. एकदा दुकानात शिरला की आधी मालाकडं बघतो, मग मापाकडं, मग मालकाकडं. आणि बघण्यासारखं काही उरलं नाही की साखरेकडं.

ह्या बाई म्हणजे हेस्टर क्विनलन. चित्रकार. लाकडावर ठसा कोरून त्याचे छाप काढायच्या. जन्म ऑस्ट्रेलियातला, गव्हाच्या मुलखातला, जिथं धूळ उठली की भरदुपारी दिवा लावावा लागे. आता मुक्काम वाईला, नदीकाठच्या दोन खोल्यांत. आधी वर पाचगणीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. तिथल्या धुक्यात कागद सुकेनात, म्हणून घाट उतरून खाली आल्या. लोक तब्येतीसाठी वर जातात, ह्या कागदाच्या तब्येतीसाठी खाली आल्या.

वाईच्या बाजारात कुणालाही विचारा, हेस्टरबाईंचं घर दाखवतील. बरोबर एखादा संशयही देतील, फुकट. कुणी म्हणे, सरकारची हेर आहे. कुणी म्हणे, नवऱ्याला टाकून पळालेली आहे. कुणी म्हणे, लोकांना बाटवायला आलीय. इतक्या वर्षांत एकही माणूस बाटला नाही, तेव्हा तो संशय आपोआप मागं पडला. बाकीचे अजून चालू आहेत.

आणि संशय तर त्यांच्या मागं बोटीवरूनच लागला होता. मुंबईच्या गोदीत कस्टमच्या साहेबानं त्यांची पेटी उघडली. आत कोरलेल्या फळ्या, शाईचे डबे, रूळ. साहेबाला घाम फुटला. नोटा छापायचं सामान! बाई म्हणाल्या, छापून बघा. साहेबाच्याच टेबलावर त्यांनी एक फळी शाईत घातली, कागद ठेवला, लाकडी पळीनं घासला आणि उचलला. कागदावर एक झाड. पांढऱ्या बुंध्याचं, एका अंगाला कललेलं. साहेबानं त्या झाडाच्या पानांत कितीतरी वेळ राजाचं डोकं शोधलं. सापडलं नाही. शेवटी तो म्हणाला, “हा कागद जप्त करावा लागेल.” आणि घरी नेऊन दिवाणखान्यात लावला.

असो. रत्नाकर अजून उभाच आहे.

रत्नाकर हळदीच्या अडत्याचा मुलगा. हळकुंड मोडायचं, आवाज ऐकायचा, माल सांगायचा, हे शिक्षण घरचं. विशीत तो बाईंकडं शिकायला आला. शाई मळायचा, रूळ फिरवायचा, कागद धरायचा. पुढं पुढं छापही काढू लागला. प्रत्येक छाप उचलला की विचारायचा, “बाई, झालंय का?”

बाई बघायच्या. मग म्हणायच्या, “दोरीवर टाक.”

म्हणजे सुकायला घाल. चांगलं नाही, वाईट नाही. नुसतं दोरीवर टाक.

एकदा त्यानं धीर करून विचारलं, “मी माझं नाव कधी घालायचं खाली?”

बाई म्हणाल्या, “तुझं झालं की कळेल.”

रत्नाकरला ते लागलं. त्याला वाटलं, म्हातारी मुद्दाम दाबतेय. आपलंच नाव राहावं म्हणून. दुसऱ्याच दिवशी त्यानं पुण्याची बस धरली.

पुण्यात त्यानं चित्रांचं दुकान काढलं आणि बापाची पारख तिथं कामाला लावली. खरं चित्र कोणतं, नकली कोणतं, हा नुसता वासावरून सांगतो, अशी त्याची ख्याती झाली. राग होता तरी माल ओळखत होता. बाईंचे छाप तोच विकू लागला. पत्रानं, माणसाकरवी. स्वतः वाईला फारसा फिरकला नाही.

ह्या धंद्यात एक रिवाज आहे. एका ठशाचे छाप किती काढायचे ते आधी ठरतं. तेवढे निघाले की ठशावर ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत खोल काट मारायची. पुढं कुणी छाप काढलाच तर काट उमटते आणि चोरी उघडी पडते. रत्नाकर प्रत्येक गिऱ्हाइकाला शब्द द्यायचा, “एवढेच. पुढं एकही नाही.” त्याचं दुकान त्या शब्दावर उभं होतं.

आणि आता मुंबईचे बोमनशेठ, रत्नाकरचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, बाईंच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरवणार होते. मोठा हॉल, छापील आमंत्रणं. मायदेश सोडल्यापासून बाईंचं हे पहिलंच प्रदर्शन. हात आता थरथरत, त्यामुळं शेवटचंही हेच, हे कुणी बोलत नव्हतं एवढंच.

तर हे बोमनशेठ महाबळेश्वरला जाताना वाईत थांबले, हौसाक्का गवळणीच्या घरी खरवस खायला. आणि तिच्या भिंतीवर त्यांना दिसली बाईंची ‘नदीकाठची म्हैस’. जिचा शेवटचा छाप त्यांनी स्वतः विकत घेतला होता, तीच.

ट्रंक कॉल आला.

“अरे रत्नाकर, तू तर बोलला होता, अजून एक बी नाय निघणार! इथं तर म्हशीवालीच्या घरी लटकते! आनि वर आकाशात काळा सूरज बी हाय, ग्रहनवाला! स्पेशल माल लपवून ठेवते काय तुझी बाई? शुक्रवारपर्यंत खरं काय ते सांग. नायतर हॉल कॅन्सल. आनि का कॅन्सल ते मी सगळ्यांना सांगेल!”

रत्नाकर वाईला आला तो थेट हौसाक्काकडं. काच खराब झालीय, बदलून देतो, अशी थाप मारून त्यानं चौकट उतरवून घेतली. हौसाक्का दारापर्यंत मागं आली.

“काच बदलून आन,” ती म्हणाली. “म्हैस बदलून आनू नगंस.”

तीच ही चौकट. आत्ता टेबलावर.

“कागद तुमचा,” रत्नाकर म्हणाला. “शाई तुमची. कोरणी तुमची. भिंगातून रेघ न् रेघ बघितली. खाली सही नाही, म्हणजे चोरून काढलेली. फिकी आहे, म्हणजे घाईत काढलेली. आता तुम्हीच सांगा.”

बाई उठल्या. खाटेखालची पेटी ओढली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली शिसवी फळी काढून चौकटीशेजारी ठेवली. फळीवर म्हैस. म्हशीच्या अंगावरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काट.

रत्नाकरनं काटेवरून बोट फिरवलं.

“ही कधी मारली?”

“तू गेलास त्या आठवड्यात.”

“काटेवर तारीख नसते, बाई. काल मारली असली तरी अशीच दिसेल.”

“दिसेल.”

“म्हणजे कबूल करता?”

“काट बघून तारीख कळत नाही, एवढं कबूल करते.”

रत्नाकरनं कपाळावर हात मारला. एवढी सरळ माणसं त्याला बाजारात भेटत नसत, त्यामुळं ती त्याला वाकडी वाटत.

“निदान शपथ तरी घ्या.”

बाई पटाशीची धार अंगठ्यावर बघत होत्या.

“मेलबर्नला माझं प्रदर्शन होतं,” त्या म्हणाल्या. “रंगवलेली चित्रं, मोठमोठी. त्याआधी माझा भाऊ लढाईत मारला गेला. तोही चित्रकार. त्याला लोक फार मानायचे. कुणीतरी उठवलं, ही चित्रं भावाची, बहिणीनं आपलं नाव घातलं. मग लोक यायचे आणि चित्रांची पाठ बघायचे. मागं त्याचं नाव खोडलंय का, म्हणून.”

“मग? शपथ घेतलीत?”

“सगळी चित्रं उलटी टांगली. पाठ बाहेर, तोंड भिंतीला. म्हटलं, बघा निवांत.”

“मग?”

“गर्दी वाढली.”

रत्नाकरला हसू येत होतं. त्यानं ते दाबलं. ही गोष्ट आत्ताच का काढली? आपल्याला विरघळवायला?

“पुढं काय झालं?”

“पुढं मी रंगांच्या नळ्या वाटून टाकल्या आणि ठसे घेऊन बोटीत बसले.”

“गोष्ट चांगली आहे,” तो म्हणाला. “पण ही चौकट कुठून आली, ते त्यात नाही.”

“नाही.”

खिडकीतून हळद शिजत असल्याचा वास येत होता. रत्नाकरनं पुढं वाकून दोन्ही हात टेबलावर टेकले. मग त्यानं आवाज खाली आणला. सौदा तुटायला आला की त्याचा बाप आणायचा, तसा.

“बाई, ऐका. हॉल गेला तर तुमचं सगळं आयुष्य ह्या पेटीतच राहील. आणि माझा शब्द पुण्यात कुणी दारात उभा करणार नाही. एकदा म्हणा, चुकलं. मी सांभाळून घेतो. ही एक जाळून टाकू. हौसाक्काला देवाची तसबीर देऊ चांगलीशी. बोमनशेठला सांगतो, त्यांच्याच डोळ्यांना भास झाला.”

बाईंचा पटाशीवरचा हात थांबला.

“जाळायची?”

“दुसरा रस्ता नाही.”

बाई चुलीपाशी गेल्या. काड्यापेटी आणली आणि चौकटीवर ठेवली.

“जाळ. आधी बघून घे.”

“बघितली म्हणतो ना! भिंगातून...”

“भिंग खिशात ठेव.”

त्यानं ठेवलं.

“म्हैस कुठं बघतेय?”

“बाई, थट्टेची वेळ नाही ही.”

“म्हैस कुठं बघतेय?”

“...उजवीकडं.”

“आणि फळीवरची?”

रत्नाकरनं फळीकडं पाहिलं.

“उजवीकडं.”

बाई पुन्हा दगडापाशी बसल्या. थेंबभर पाणी, पटाशी पुढं, पटाशी मागं...

पहिल्या दिवसाचा पहिला धडा होता तो. कोरशील ते उलटं उमटेल. हळदीच्या पोत्यावर मारायच्या शिक्क्यात नाव उलटं कोरलेलं असतं, म्हणून तर पोत्यावर सुलटं वाचता येतं. हे कळायला त्याला बाईंची गरजही पडली नव्हती. उजवीकडं बघणारी म्हैस कोरली की कागदावर ती डावीकडंच बघणार. त्याच्या दुकानातली डावीकडं बघायची. बोमनशेठच्या घरची डावीकडं. त्यानं स्वतःच्या हातांनी बांधून दिलेल्या सगळ्या, डावीकडं.

आणि ही एक तोंड फिरवून बसली होती. शाई बघितली, कागद बघितला, कडा बघितल्या. म्हैस बघायची राहिली.

“ही ठशावरून निघालेलीच नाही,” तो हळूच म्हणाला.

पटाशी दगडावर चालूच होती.

“ठशावरून निघाली असती तर उलटी झाली असती. ही सुलटी आहे. म्हणजे उलट्याची उलटी. म्हणजे... ओल्या छापावर कुणीतरी कोरा कागद ठेवला. वरून दाब पडला. शाई वर चढली. फिकी...”

तो थांबला.

त्याची नजर आकाशातल्या काळ्या गोलावर गेली. बोमनशेठचा ग्रहणाचा सूर्य. तिथं दाब जास्त पडला होता, म्हणून छापातल्या आकाशाची शाई जास्त चढली होती.

खिडकीत कागदांच्या गठ्ठ्यावर एक लोखंडी वजन होतं. अडतीवरचं, वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेलं. वाऱ्यानं कागद उडतात म्हणून त्यानंच कधीकाळी बापाच्या दुकानातून आणलेलं.

रत्नाकरनं ते उचललं. चौकटीवरची काड्यापेटी बाजूला केली. वजन काचेवर ठेवलं, सूर्यावर.

सूर्य पूर्ण झाकला. कडेला केसभरही उरला नाही.

...

पुण्याची बस धरली तो दिवस. सकाळी बाईंनी सांगितलं होतं, दोरीवर टाक. त्यानं टाकले नव्हते. ओले छाप तसेच जमिनीवर रचले, त्यावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा फेकला, गठ्ठ्यावर वजन ठेवलं. मनात म्हटलं, टाका तुमचे तुम्ही दोरीवर. आणि निघाला. मागं वळून बघितलं नाही, अगदी ठरवून.

“तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?”

“तू बसमध्ये होतास.”

“नंतर?”

“नंतर तू पत्रं पाठवायचास. हिशेबाची.”

त्यानं वजन काचेवरून उचलून बाजूला ठेवलं.

“हौसाक्काला का दिलीत?”

“ती रोज दूध घालायला यायची. दोरीवरचे छाप बघून रोज नाक मुरडायची. म्हणायची, ‘ही माझी म्हस न्हवं. माझी म्हस घराकडं पाठ करून बसत न्हाई.’ तू गेल्यावर मी गठ्ठा उचलला, तर हा कागद खाली पडला. तिनं उचलला. म्हणाली, ‘ही माझी.’”

“आणि तुम्ही देऊन टाकलीत?”

“माझी नव्हती. ठेवणार कशी?”

रत्नाकर बसला. आल्यापासून पहिल्यांदाच. समोर चहा गार झाला होता. काहीतरी करायचं म्हणून त्यानं कप तोंडाला लावला. गोड. आणि त्याला आठवलं, ह्या घरात जास्त साखर एकच माणूस मागायचा. रोज मागायचा, रोज बोलणी खायचा.

त्यानं कप पालथा होईपर्यंत प्यायला.

“बोमनशेठला काय सांगू?”

बाईंनी चौकट पालथी केली. पटाशीच्या टोकानं मागचे खिळे उचकटले. कागद बाहेर काढला, टेबलावर सरळ केला. कानामागची पेन्सिल काढून त्याच्यासमोर ठेवली.

“खाली नाव घाल.”

“तुमचं?”

बाईंनी पेन्सिल आणखी थोडी पुढं सरकवली.

रत्नाकरला कळलं. आपलं नाव घातलं की बाईंचा शब्द खरा, ठसा खरा, काट खरी. हॉल उघडेल. आणि त्याच हॉलमधून मुंबईभर बोभाटा होईल, वासावरून खरंखोटं ओळखणाऱ्या शेट्याला स्वतःच्याच हातचा डाग ओळखता आला नाही. वर त्यासाठी तो गुरूच्या दारात चोर शोधत गेला. उद्यापासून गिऱ्हाईक त्याच्या तोंडावर हसेल. निदान पाठीमागं तरी.

काड्यापेटीही टेबलावरच होती. बाईंनी ती उचलली नव्हती.

...

विशीत ह्या एका पेन्सिलीसाठी तो झुरला होता. आता हातात आली तर तिचं वजन त्या लोखंडी वजनापेक्षा जास्त लागत होतं.

त्यानं नाव घातलं. ‘र’ थोडा वाकडा आला. खोडला नाही.

मग त्यानं कागद दोन्ही हातांनी उचलून बाईंपुढं धरला. पूर्वी धरायचा तसाच. तोंडून शब्दही तेच निघाले, त्याची इच्छा नसताना.

“बाई, झालंय का?”

बाईंनी कागद घेतला. खिडकीपाशी नेला. उजेडाला धरून बघितलं. खूप वेळ बघितलं...

दोरीवर टाक, असंच म्हणणार, म्हणून रत्नाकरनं सवयीनं वर दोरीकडं पाहिलं.

“म्हैस बरोबर बसलीय,” बाई म्हणाल्या.